चौकोन दिसले म्हणून फाइल गेली नाही

नाशकात डीटीपीवाले आणि सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाचे कागद टाइप करून देणारे सध्या एक मेसेज एकमेकांना पाठवतायत: नोटपॅडमध्ये मराठी चौकोनी किंवा वेडीवाकडी दिसली की फाइल करप्ट झाली समजा; युनिकोडने (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीने) फाइल तिप्पट होते; म्हणून सगळं कृतिदेवमध्येच, म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्येच, टाइप करा.

चौकोनांचा अर्थ एवढाच, की त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. निर्मला यूआय किंवा मंगल हा फॉन्ट लावा, मजकूर जागेवरच असतो.

वेडीवाकडी अक्षरं हे वेगळं दुखणं. फाइल यूटीएफ-८ मधली (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) असते आणि नोटपॅडसारखा एडिटर ती विंडोज-१२५२ या युरोपीय अक्षरांच्या जुन्या तक्त्याने वाचतो. आपल्याकडच्या वाइनच्या लेबलावरचा ‘रोझे’ (Rosé) घ्या. त्यातल्या तिरक्या रेघेच्या ‘ई’चे फाइलमध्ये दोन बाइट (साठवणीचे घटक), त्याच्या जागी नागमोडी रेघेचा ‘ए’ आणि कॉपीराइटचं चिन्ह उमटतं. मराठी अक्षराचे तीन बाइट, म्हणून तिथे तीन-तीन चिन्हांची रांग लागते. अशा वेळी सेव्ह दाबू नका. फाइल बंद करा आणि ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर खरंच गेला. मराठी फाइल ‘एएनएसआय’मध्ये, म्हणजे त्याच जुन्या तक्त्यात, सेव्ह केली की असं होतं. नोटपॅड आधी बजावतो, पण ती सूचना वाचतो कोण! त्याच फाइलमधला ‘रोझे’ शाबूत राहतो, कारण १२५२ च्या तक्त्यात त्याच्या ‘ई’ला जागा आहे, देवनागरीला नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल आपणहूनच यूटीएफ-८ मध्ये ठेवतो.

आणि उपाय काय, तर कृतिदेव! म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यात ‘नाशिक’ टाइप केलं की फाइलमध्ये यू, के, एफ, अवतरणचिन्ह, के, डी एवढंच साठतं. फॉन्ट नसलेल्या मशिनवर तेच दिसणार, आणि ‘नाशिक’ शोधलं तर सापडणार नाही.

तिप्पटीचा हिशेब साधारण खरा आहे. काना-वेलांटीही वेगळं अक्षर धरलं, की ‘नाशिक’चे कृतिदेवमध्ये ६ आणि युनिकोडमध्ये १५ बाइट होतात. पण लाखभर अक्षरांचा मजकूरही तीन लाख बाइटच. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो.

पानं जुळवायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे त्यावर काम करणारा छापखाना कृतिदेव मागणारच. त्याला कन्व्हर्ट करून द्या, मूळ प्रत युनिकोडमध्ये ठेवा, आणि देण्याआधी रफार नि जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला.