कर्ज फेडायची एवढी घाई कशाला?

सगळ्यांत आधी कोथिंबीर बंद करा.

घरावर ३० लाखांचं कर्ज असलं, तर त्याचं मूळ कोथिंबिरीच्या जुडीत असतं हे आता सर्वमान्य झालेलं आहे. मोबाइलवर जो कोणी पोरगा शर्टाला माइक अडकवून पैशाचं शहाणपण शिकवायला बसतो, तो चहापासूनच सुरुवात करतो. रोजचा २० रुपयांचा चहा सोडा, महिन्याचे ६०० वाचवा आणि साठीला कोट्यधीश व्हा. त्यामुळे मीही तेच सांगते. चहा सोडा. दुधाची एक पिशवी कमी करा, वरणात पाणी वाढवा, कामवाल्या मावशींचे दोन खाडे कापून घ्या. मंडईत शेवटच्या गाळ्यापर्यंत फिरा, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घाला आणि वर चार मिरच्या फुकट मागून घ्या. एवढं केलंत की कर्जाचा विषय डोक्यातून काढून टाका. हप्ता आपोआप कापला जातो. ५ तारखेला मेसेज येतो, तो न उघडता पुसून टाकावा म्हणजे महिना बरा जातो.

कर्ज घेताना काहीही वाचू नका. समोरचा माणूस पेन्सिलीने फुल्या मारून देतो, फुली दिसेल तिथे सही ठोकायची. "इथे, इथे, इथे आणि मागच्या पानावर." व्याज नक्की कशाला जोडलंय, त्यावर बँकेने स्वतःचे किती टक्के चढवलेत, दर किती महिन्यांनी बदलणार, असले प्रश्न विचारले की आपण अडाणी दिसतो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जदाराला सगळे खर्च धरून होणारा खरा वार्षिक दर साध्या भाषेत लिहून द्यायचा असा नियम आहे म्हणे. दिला असेलच. त्या गठ्ठ्यातच कुठेतरी असेल. आणि कर्जाबरोबर लाखभराची विमा पॉलिसी चिकटवली तरी हरकत घेऊ नका, कारण "खिशातून काही जात नाही मॅडम, कर्जातच अ‍ॅड केलंय." म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही २० वर्षं व्याज. सोय बघा किती.

क्रेडिट कार्डावर फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी, भरत जा. बिलावर तो आकडा ठळक छापलेला असतो, उगीच नाही. ४०,००० थकले असतील आणि दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर त्या महिन्याचं व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही ऐटीत २,००० भरता, मुदलातून ३४८ जातात. शिवाय जुनी बाकी पूर्ण फेडलेली नसल्यामुळे नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. वर्षाला ४२ टक्के होतात हे. सावकाराला आपण उगाच नावं ठेवतो.

नो कॉस्ट ईएमआयवर फ्रीज घ्या. रोखीवाल्याला मिळणारी सूट तुम्हाला नाही, प्रोसेसिंग फी आहे, व्याजावर जीएसटी आहे, कॉस्ट तेवढी नाही.

मंगळसूत्र सोडवून आणलं की महिन्याभरात परत गहाण ठेवा. लॉकरचं भाडं वाचतं.

भाच्याच्या लग्नात ऋण काढून आहेर करा. तुम्हाला दिलेल्या साड्या त्यांनीही तशाच आणलेल्या असतात, फिटंफाट.

पर्सनल लोन काढलंत तर बायकोला सांगू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे फोन येईल तो तिच्या पोळ्यांच्या वेळेतच. तेव्हा कळेलच की तिला.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं करूनही चुकून हातात पैसे आलेच, भिशी लागली, बोनस झाला, एफडी पिकली, तर ते घेऊन घराच्या कर्जात भरायला जाऊ नका. कृपा करून जाऊ नका. मी गेल्या महिन्यात गेले होते.

बँकेचं नाव विचारू नका, सगळीकडे तेच आहे. टोकन देणाऱ्या मशीनमधला कागद संपलेला, पेन सुतळीने बांधलेलं, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. मी म्हटलं, कर्जात १ लाख रुपये भरायचेत. टेबलापलीकडच्या मुलाचा चेहरा असा झाला की जणू मी पैसे काढायला आलेय. "कशाला भरताय मॅडम? होम लोन सगळ्यात स्वस्त असतं. हेच पैसे आमच्या प्लॅनमध्ये टाका." मग ब्रोशर आलं, रंगीत. मग "टॅक्स बेनिफिट जाईल तुमचा." मी म्हटलं, आम्ही नव्या कररचनेत आहोत, त्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. यावर तो कंप्युटरकडे बघत राहिला. मग सर्व्हर डाउन झाला. मग होम लोनचं काम मोठ्या शाखेत होतं असं निघालं. मोठ्या शाखेत कर्जाच्या मॅडम रजेवर. शेवटी एकदाचे पैसे घेतले, आणि दोन दिवसांनी मेसेज आला, की अभिनंदन, तुमचा मासिक हप्ता कमी झालाय.

आता इथे जरा बसा. चहा सोडला असेल तर पाणी घ्या.

माझं कर्ज किती ते तुम्हाला कशाला हवंय, समजा ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता बसतो २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि ४,७८५ मुदलात. वर्षभर हप्ते भरून तुम्ही १ लाख जास्तीचे भरलेत. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर शेवटचे १८ हप्ते उडतात. १८ हप्ते म्हणजे जवळपास ४ लाख ६८ हजार रुपये. पण मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला तर? हप्ता ८८५ रुपयांनी कमी होतो. साधारण एका सिलिंडरचे पैसे. उरलेले सगळे महिने धरले तरी दोन लाखांच्या आसपास वाचतात, तेही ८८५, ८८५ करत, म्हणजे कुठे गेले ते कोणालाही न कळता. तेच १ लाख, तेच कर्ज, तोच दिवस. फरक पावणेतीन लाखांच्या आसपासचा. आणि यातलं काय हवं, हे मला कोणी विचारलं नाही!

परत गेले. म्हटलं, हप्ता होता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा. "सिस्टीम बाय डिफॉल्ट हप्ता कमी करते." बरं, मग सिस्टीमला सांगा. "अर्ज द्यावा लागेल." द्या फॉर्म. "फॉर्म नाहीये, साध्या कागदावर लिहा." लिहिला. पोच द्या. "पोच कशाला काकू?" प्लॅन विकताना मी मॅडम होते, पोच मागितल्यावर काकू झाले.

मला एक सांगा, मुदत कमी करायला अर्ज लागतो, तर वाढवायला का लागला नव्हता? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा हीच सिस्टीम रातोरात हजारो लोकांची मुदत वाढवून मोकळी झाली होती. तेव्हा कोणाची सही लागली नाही, साधा कागद लागला नाही, मॅडम रजेवर नव्हत्या. ७ टक्क्यांनी ३० लाख २० वर्षांसाठी घेतलेल्या माणसाचा हप्ता २३,२५९. दर साडेनऊ झाला की ३० लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५०. हप्ता व्याजालाही पुरत नाही! असं कर्ज फिटत नाही, वाढतं. माणूस इमानेइतबारे दर महिन्याला भरतोय आणि निवृत्तीच्या पुढे गेलेली मुदत त्याला कोणी सांगतही नाही. हा गोंधळ एवढा झाला की ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, दर बदलताना गिऱ्हाइकाला विचारा, त्याला हप्ता वाढवून हवाय की मुदत, आणि मधेच पैसे भरायचे असतील तर भरू द्या. म्हणजे हे परिपत्रक काढून सांगावं लागतं! फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांनी घ्यायचा नाही, हे तर २०१२ पासून ठरलंय. दंड घेत नाहीत ते. तुम्हाला इतकं फिरवतात की दंड परवडला असता.

आणि २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तेव्हा? जुनी कर्जं अजून जुन्याच पद्धतीच्या दरावर पडून आहेत, रेपोला जोडून घ्यायची तर त्यासाठीही अर्ज करा, वर फी भरा. त्याच शाखेच्या दारात नव्या गिऱ्हाइकासाठी बोर्ड, त्यावरचा दर तुमच्यापेक्षा कमी. इतकी वर्षं एकही हप्ता न चुकवल्याचं हे बक्षीस.

असो. पुढचा सल्ला देणार होते मुलांच्या फीबद्दल, पण आता मूड राहिला नाही. सरळच बोलते.

बँक बँकेसारखीच वागणार. व्याज हाच तिचा धंदा आहे. मला राग तुमचा येतो. टोमॅटोचा भाव तुम्हाला तीन दुकानांतला पाठ असतो, आणि कर्जाचं मुद्दल किती उरलंय विचारलं तर "असेल वीस-बावीस लाख." वीस की बावीस? मधले दोन लाख काय रस्त्यावर पडलेत? सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सच्या ५० रुपयांवरून रात्री बारापर्यंत भांडता, आणि बँक तुमची मुदत पाच वर्षांनी वाढवते ते तुम्हाला दोन वर्षांनी कळतं, तेही कोणीतरी सांगितलं म्हणून.

घरात हिशेबाची वही असतेच, पण ती फक्त स्वयंपाकघराची. तेल किती आणलं, दूध किती घेतलं, गेल्या महिन्यापेक्षा किराणा हजाराने जास्त का आला, याचा जाब रोज जेवताना. हजाराने जास्त आला कारण तेल महागलं, कारण तुमची बहीण चार दिवस राहून गेली, कारण पोरं वाढतायत आणि खातायत. महिनाभर हात आखडून बाई जे हजार-बाराशे वाचवते, ते तुमच्या कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजात जातात. त्या कार्डाचं बिल तिने कधी पाहिलेलं नसतं. फोनला पासवर्ड आहे. कर्ज तुमचं आणि काटकसर तिची, हे कुठलं गणित? आणि वर चार लोकांत हसत हसत म्हणायचं, "हिचा हात जरा सैल आहे."

लाज वाटू द्या थोडी.

या रविवारी जेवणं झाली की टीव्ही बंद करा आणि सगळं टेबलावर काढा. घराचं, गाडीचं, कार्डाचं, पतसंस्थेचं, मेव्हण्याकडून घेतलेलं, सगळं. लपवलेलं आधी. प्रत्येकासमोर दर लिहा. ४२ टक्क्यांचं कार्ड थकलेलं असताना साडेआठ टक्क्यांच्या कर्जात जास्तीचे पैसे भरू नका, आधी कार्ड संपवा, मग पर्सनल लोन, मग घर. पोरांच्या फीचे आणि दवाखान्याचे पैसे बाजूला ठेवून मगच भरा, नाहीतर जूनमध्ये परत कार्ड घासाल. बँकेकडून खात्याचा पूर्ण उतारा मागा: आजचा दर किती, हप्ते किती उरले, सही केली तेव्हा किती होते. आकडा वाढलेला दिसला तर का वाढला ते लेखी विचारा. जास्तीचे पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका, सर्व्हर डाउन असला तरी शिक्का हाताने मारता येतो. कर्ज फिटलं की ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत. तेही मागा. हात जोडून "साहेब, जरा बघा ना" करत उभे राहू नका, तुमच्या व्याजावर त्या एसीचं बिल भरलं जातं.

आणि तो अर्ज तिला लिहायला लावू नका. "तुझं अक्षर चांगलं आहे" हे कारण चालणार नाही. स्वतः लिहा, स्वतः रजा काढा, स्वतः जाऊन रांगेत उभे राहा.