एनडी, मेल, 86 किलो

परवा संध्याकाळी लोकलमध्ये, ठाणं सोडून गाडी नेहमीप्रमाणे उगाचच थांबलेली असताना, मला मेसेज आला. "डिअर पेट पॅरेंट, युवर पेट राजेंद्र इज ड्यू फॉर डीवर्मिंग." शेजारच्याने वाचला. वाचणारच, त्या गर्दीत माझा मोबाईल माझ्यापेक्षा त्याच्याच तोंडासमोर होता. त्याने आधी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग जे इतक्या वर्षांत कधी घडलं नव्हतं ते घडलं, संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये एक माणूस माझ्यासाठी स्वतःहून सरकला.

राजेंद्र मीच. कुत्रा नाही. म्हणजे कुत्रा माझ्याकडेही नाही, तो घ्यायचा होता, त्यातूनच हे सगळं उपटलंय.

झालं असं की मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली, आम्ही दोघं सकाळी आठला जातो ते रात्री आठला उगवतो, आणि घरात आई एकटी, वय 74. तिला सोबत म्हणून एखादा छोटासा कुत्रा आणावा असं ठरलं. छोटाच का, तर डोंबिवलीतला टू बीएचके. आता कुठला छोटा? ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं, एक म्हणतो पग, एक म्हणतो बीगल, एकाच्या मेव्हण्याकडे चिवावा आहे जो सोफ्याच्या फटीत हरवतो. म्हणून मी ठरवलं की आधी जनावरांच्या डॉक्टरला विचारायचं आणि मग आणायचं. लोक आधी आणतात आणि तो ओकायला लागला की डॉक्टरकडे धावतात. आपण सुशिक्षित माणसं. काय सांगू, सुशिक्षितपणाची सोय कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, पेशंट कुठेय?

म्हणलं, पेशंट नाही, सल्ला पाहिजे.

"पेशंटशिवाय केसपेपर निघत नाही काका."

म्हणलं, मग केसपेपर नको, डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलतो, फी पूर्ण देतो. तर म्हणे केसपेपरशिवाय फी घेता येत नाही आणि फीशिवाय आत सोडता येत नाही. यावर तिच्याकडे उपाय नव्हता, माझ्याकडे नव्हता, पण बाकावरच्या काकूंकडे होता. साठीच्या असतील, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर एक शित्झू जातीचा कुत्रा, त्याच्या डोक्यावर केसांची शेंडी आणि शेंडीला गुलाबी क्लिप. नाव गुंड्या. काकू म्हणाल्या, "अगं लिही ना त्यांचंच नाव. अडलंय कुठे?"

आणि त्या मुलीने लिहिलं! मी नको म्हणेपर्यंत लिहूनसुद्धा झालं होतं.

मग स्पीशीज. डॉग, कॅट, बर्ड आणि अदर. मी म्हणलं अदर टाका निदान. तर अदरची फी जास्त, कारण त्यात कासव, ससे, इग्वाना असले सगळे येतात. काकू म्हणाल्या, "मग डॉगच टाक, कशाला बिचाऱ्यांना खर्चात पाडतेस." ब्रीडच्या रकान्यावर गाडी परत अडली. काकूंनी चष्मा नाकावर घेऊन मला पायांपासून वरपर्यंत बघितलं, दोनदा, आणि म्हणाल्या, "एनडी लिही. नॉन-डिस्क्रिप्ट. रस्त्यावरच्यांना डॉक्टर तेच लिहितात."

"वय?"

"अठ्ठेचाळीस," मी. तोपर्यंत मीसुद्धा उत्तरं द्यायला लागलो होतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"लसीकरण?" कोविडचे दोन आणि बूस्टर म्हणलं. ते त्यांच्या यादीत नव्हतं. मग तिने पुढचा रकाना वाचला आणि आवाज एकदम खाली आणला, "काका, न्यूटर्ड का?" वेटिंगमध्ये पाच-सहा माणसं, एक मांजर पिंजऱ्यात, सगळे गप्प. काकूंनी विचार केला आणि मला विचारलं, "मुलं किती?" म्हणलं एक मुलगी. "मग नो लिही," काकू म्हणाल्या, "एकावर थांबले ते महागाईमुळे."

वजन सक्तीचं होतं. जमिनीवर स्टीलचा चौकोनी काटा, त्यावरून नुकताच एक लॅब्रॅडॉर उतरला होता, 38 किलो, लाळ अजून ओली होती. मी बूट घालूनच चढलो. 86. काकू गुंड्याला उचलून उभ्या राहिल्या आणि आकडा बघून त्यालाच म्हणाल्या, "बघितलंस? आणि तुला मी उगाच जाड म्हणते."

नंतर नंबर येईपर्यंत त्यांनी मला कुत्राही निवडून दिला, म्हणजे कुठला घेऊ नये ते सांगितलं. शित्झू नको. का? त्याचे केस वाढतच राहतात, रोज विंचरावं लागतं, पावसाळ्याच्या दमट हवेत एक दिवस चुकलं की जटा होतात आणि खाली कातडीला खाज सुटते, शिवाय कान, शिवाय डोळे पुसणं, शिवाय महिन्या-दीड महिन्याला पार्लर. "पार्लरला आमच्याकडे हाच जातो, मी नाही." माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या घरात कंगवा तरी आहे का?" मग पग. 2003 मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत तो पोरामागे चालत गेला आणि अख्ख्या देशाला पग पाहिजे झाला, पण चालतोय तेवढंच बघितलं लोकांनी, घोरताना नाही दाखवला कुणी. नाक आतच दाबलेलं, कुत्र्याला घाम फक्त पंज्यांना, बाकीचं अंग थंड करायचं ते धापा टाकून, आणि ह्याला धाप नीट टाकताच येत नाही. मे महिन्यात दुपारी लाईट गेली की संपलं. हे सगळं बरोबरच होतं, डॉक्टरांनीही नंतर हेच सांगितलं. पण काकूंनी शेवट केला तो असा, "आणि जिना चढून आलात तर तुमचीच छाती भात्यासारखी चाललीय. एका घरात दोन कशाला?"

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. जिना उभा आहे. एवढंच सांगतो.

डॉक्टर चांगले होते. केसपेपर वाचून हसले नाहीत, याचा मला आणखी राग आला. त्यांनी घर किती स्क्वेअर फूट हे विचारलंच नाही. विचारलं, दिवसा घरात कोण असतं? आईंचे गुडघे कसे आहेत? सकाळी पावसात खाली कोण नेणार? मी म्हणलं आईला झेपावा म्हणूनच तर छोटा हवाय. तर म्हणाले, छोटाच पायात येतो. मोठा कुत्रा दिसतो तरी, चार किलोचं पिल्लू स्वयंपाकघरात पायाशी घुटमळतं आणि म्हातारी माणसं अडखळून पडतात, या वयात खुबा मोडला तर काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि पिल्लू म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा खाणं, दर दोन तासांनी शू, सहा महिने चावाचावी. डॅशहुंड नको, पाठ लांब, सोफ्यावरून उड्या मारून मणक्याची चकती सरकते. बीगल तर नकोच, तो सशाच्या वासावर धावायला तयार केलेला कुत्रा, तो फ्लॅटमध्ये बसून करणार काय, हुंगणार आणि डस्टबिन उलटवणार. "पूर्ण वाढलेला, शांत, चार-सहा वर्षांचा बघा. गावठी बघा, पंधरा किलोचा असेल पण दिवसभर झोपेल."

बाहेर आलो तर काकू म्हणाल्या, "काय, गावठीच सांगितला ना? एनडी."

आता हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण त्याच्या आधी मी एका विक्रेत्याला फोन केला होता ते डोक्यातून जात नाही. तिथे एकही प्रश्न नाही. नाव नाही, घर नाही, आई नाही. "सर टीकप पॉम आहे, 40 दिवसांचं, आज बुक केलं तर उद्या घरपोच, कलर सांगा." टीकप नावाची कुठलीच जात नाही, वाढ खुंटलेल्या पिल्लांना जास्त पैशात विकायचं ते नाव. पॉमचंही तेच, आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा स्पिट्झ असतो. आणि 40 दिवस? 2017 चे केंद्राचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मी नोंदणीचं विचारलं. तो म्हणाला, "सर, तुम्हाला कुत्रा पाहिजे की कागद?" आई दाखवा म्हणलं, म्हणजे पिल्लाची, तर ती गावाला होती. आईपासून लवकर तोडलेली, लस न झालेली ही पिल्लं पार्वो नावाच्या विषाणूने चार दिवसांत जातात, मग लोक रडतात आणि त्याच नंबरवरून दुसरं मागवतात, डिस्काउंटमध्ये. म्हणजे न विचारता पैसे टाकणाऱ्याला पिल्लू घरपोच, आणि विचारायला जाणाऱ्याला काट्यावर उभा करतात. हा कुठला न्याय?

घरी आईला सगळं सांगितलं. तिची एकच अट, कुत्रा पोहे खाणारा पाहिजे, एकटीपुरते केले की उरतात. म्हणलं कांदा कुत्र्याला विष असतो, रक्त खराब होतं. म्हणाली, मग बिनकांद्याचे पोहे मी का खाऊ?

दरम्यान डॉक्टरांनीच एक फोटो पाठवलाय, सहा वर्षांचा स्पिट्झ, मालक कॅनडाला गेले आणि ह्याला ठेवून गेले. कॅनडात कुत्रा नेता येतो, रेबीजची लस आणि कागदपत्रं लागतात, मी बघितलं शोधून. त्यांनी बघितलं नसेल किंवा बघूनही नसेल नेला. आईला फोटो आवडलाय. स्पिट्झ भुंकतो, हे मात्र खरं, बेल वाजली तरी आणि नाही वाजली तरी.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, भुंकणार नाही असं लिहून द्या. म्हणलं साहेब, 2015 पासून भारतीय पशुकल्याण मंडळाच्या गाईडलाईन्स आहेत, भुंकतो म्हणून बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, आणि नवरात्रात आपलाच डीजे नऊ रात्री माझ्या बेडरूमच्या खिडकीला लागून असतो, तो कुणी लिहून दिलाय? ते शांतपणे म्हणाले, "डीजे वर्षातून एकदा असतो. कुत्रा रोज असतो." मग जरा थांबून, "कॅनडाला गेलेले ते कुठल्या सोसायटीतले? त्यांचा फ्लॅट भाड्याने देणार आहेत का, विचारा जरा."