धक्का मारला की चालू, सेल्फ मारला की नाही

आमची १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, अण्णांनी घेतलेली. तीनदा रीपासिंग झालं तरी अजून पळतेय. गेल्या महिन्यात क्लच प्लेट बदलली आणि तिथून सगळं सुरू झालं. गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, असा फिरायला लागला की जणू बॅटरी मेलीय, घुर्र... घुर्र... आणि बंद. आणि गंमत म्हणजे दोघांनी थोडं ढकललं की पहिल्या झटक्यात चालू! दिवसभर मस्त चालायची, बंद केली की परत तेच.

गॅरेजवाला म्हणाला बॅटरी गेली. बदलली. फरक शून्य. मग म्हणाला कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल, खोलून साफ केला. मग प्लग. मग म्हणे सेल्फचे कार्बन (आतले करंट पोचवणारे ब्रश) घासलेत, सेल्फ काढून तेही केलं. प्रत्येक वेळी बिल आणि प्रत्येक वेळी "आता बघा साहेब". मला राग कशाचा येतो सांगू? पार्ट बदलायला काही डोकं लागत नाही, पण पार्ट बदलायच्या आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावून दोन मिनिटं बघायला कुणी तयार नसतं. आणि ढकलल्यावर गाडी लगेच चालू होतेय म्हणजे पेट्रोल येतंय, स्पार्क येतोय, एवढं तर माझ्यासारख्या बँकेतल्या माणसालाही कळायला हवं होतं, पण मीही मान डोलवत पैसे देत गेलो, ते सोडा.

शेवटी आमच्या बिल्डिंगमधले काका आले, आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखणं कधीपासून?" म्हटलं क्लच केल्यापासून. "मग बॅटरी कशाला बघतोस रे, जिथं हात लागला तिथं बघ ना आधी." मला सेल्फ मारायला लावला, स्वतः बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. सेल्फ फिरताना १०.८ व्होल्ट. म्हणाले बॅटरी ठणठणीत आहे, १० च्या खाली गेली असती तर शंका घेतली असती. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला, परत सेल्फ. तिथं शून्याच्या आसपास यायला पाहिजे, फार तर अर्धा व्होल्ट. आला ३ च्या वर! म्हणजे सेल्फकडून इंजिनमार्गे बॅटरीच्या मायनसला परत येणाऱ्या वाटेवरच एवढे व्होल्ट खाल्ले जातायत, सेल्फला उरतंय काय?

तेवढ्यात काका म्हणाले क्लचच्या केबलला हात लाव. लावला आणि झटकन काढला, चटका बसला अक्षरशः. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे अर्थिंगची जाड केबल (बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सला येणारी) नीट नसेल तर सेल्फचा सगळा करंट जी मिळेल ती वाट धरतो, आमच्याकडे त्याने पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी क्लचची लोखंडी केबल धरली होती.

खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सवर अर्थिंगचा जो बोल्ट असतो तो हातानेच फिरत होता. गिअरबॉक्स उतरवताना काढलेला, परत लावताना खाली ग्रीस आणि मळ तसाच, वरून अर्धवट कसलेला. काकांनी जम्पर केबल घेऊन बॅटरीचं मायनस आणि इंजिन थेट जोडलं, मी चावी फिरवली, गाडी अर्ध्या सेकंदात चालू. अण्णा गॅलरीतून ओरडले, "झाली का रे?"

मग केबलचं टोक आणि गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट पान्ह्याने घट्ट कसला. परत मीटर लावला, ०.२. खर्च फक्त पॉलिश पेपरचा, आणि त्याआधी गॅरेजात जे गेले ते साडेसात हजार.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "जुन्या गाड्यांना असं होतंच साहेब." जुनी गाडी काय स्वतः खाली जाऊन आपला बोल्ट ढिला करते का? काका मात्र पैसे घेईनात, चहा घेतला फक्त.

आता क्लचची केबल तेवढी बदलायचीय. तापून तापून आतलं प्लॅस्टिक वितळलंय, पेडल जड झालंय. ती मात्र दुसरीकडे बदलणार, आणि काकांना सोबत घेऊन जाणार.