सायकलची ट्यूब

परवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा पराभव झाला, आणि तो केला सायकलच्या जुन्या ट्यूबनं. दोन पंक्चरची ठिगळं होती तिच्यावर. राग अजून गेलेला नाही.

काम म्हटलं तर साधं. फोर बाय फोर गाडीत दुसरी बॅटरी बसवायची. फ्रिज, जादाचे लाईट, हवेचा पंप या चैनी पहिल्या बॅटरीवर केल्या, तर कणकुंबीच्या जंगलात सकाळी गाडी ढकलायला अस्वलं बोलवावी लागतील. वायरिंगचं पुढचं पुढं. आधी ६५ अँपिअर-तासांचा, सतरा-एक किलो वजनाचा डबा ठेवायचा कुठं आणि कशावर? बॉनेटखाली ठेवला तर इंजिनाच्या धुराचा पाईप आणि टर्बो यांच्या उष्णतेपासून लांब हवा. मोकळा कोपरा एकच होता, तोही उंचीला जेमतेम.

उंची बघायला घरून कणकेचा गोळा नेला होता. युक्ती जुनी आहे. गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, टर्मिनलवर ठेवायचा, बॉनेट हळूच पूर्ण बंद करायचं, उघडायचं आणि चपटा झालेला गोळा मोजायचा. मी गोळे ठेवत असताना मागून आवाज आला.

"निवद काय ओ हा, पावणं?"

डोक्याला पांढरी टोपी, हातात तुटकी बिजागरी. कडोलीचे काका. गोठ्याचं लोखंडी दार जोडायला टाकलं होतं, ते होईपर्यंत शेडमधल्या एकमेव स्टुलावर त्यांचा मुक्काम.

"निवद नाही काका, माप आहे."

"कणकीचं माप?"

"बॉनेट लावल्यावर मधे जागा किती उरते ते बघायचंय."

"म्हंजे बॅटरीला न्हवं, बॉनेटला दाखवायचा." काका स्टूल घेऊन जवळ आले. "मग दोनच गोळं का? पाच ठेवावं. आणि पिशवीत का बांधलाय? देव पिशवी सोडून खाणार व्हय?"

वेल्डरनं मशीन बंद केलं. असलं काही चाललं असताना काम करणं त्याला पटेना. मी बॉनेट लावलं, उघडलं. गोळ्याची जाडी भरली ९ मिलीमीटर. मला हवी होती किमान २५.

"बसलं की!" काकांनी गोळ्यात बोट घातलं. "लागत न्हाई कुठं."

"आता लागत नाही काका. खड्ड्यात गाडी आपटली की बॉनेटचा पत्रा खाली लवतो आणि बॅटरी वर उडते. पॉझिटिव्ह टर्मिनल पत्र्याला लागलं की संपलं. सगळी बॉडी म्हणजे निगेटिव्ह, आणि टर्मिनल ते पत्रा यांच्या मधे फ्यूज कुठला? शेकडो अँपिअरचा जाळ होतो. टर्मिनल पत्र्याला चिकटूनच बसतं."

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे वेल्डिंगचं मशीन फुकटच की!"

वेल्डर हसला नाही. त्याच्या धंद्याचा प्रश्न होता. तो गोळ्याकडं एक नजर टाकून म्हणाला, "पाच सूत खाली घ्यायला पायजे." मी मोबाईलवर हिशेब केला. २५ वजा ९, सोळा मिलीमीटर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाच सूत जवळजवळ तेवढंच. या उद्यमबागेत लेथवर मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं आहेत, पण पलीकडच्या शेडमध्ये कणकेवरून सूत सांगणाराही आहे, हे बेळगावातच बघावं.

पण त्यानं बॅटरी ठेवायच्या ट्रेचे पाय आखले आणि माझा उत्साह मावळला. मागचे दोन पाय आतल्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या बॉडीच्या पत्र्यावर, पुढचा थेट चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर. मजबुतीच्या दृष्टीनं त्याचं चुकलं नव्हतं. चासी गाडीतली सगळ्यात दणकट वस्तू, हे कुणीही सांगेल. पण लॅडर चासीच्या, म्हणजे शिडीसारखा वेगळा सांगाडा असलेल्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. चाक खड्ड्यात गेलं की चासी एकीकडं पिळते, बॉडी तिच्या चालीनं हलते. दोन दगडांवर पाय ठेवलेला ट्रे मधे ताणला जातो आणि काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते. तिथून एके दिवशी पाय निघून येतो. सगळे पाय बॉडीवर तरी हवेत, नाहीतर सगळे चासीवर.

"आगतैतरी," वेल्डर म्हणाला.

कानडीतल्या 'आगतैतरी'चं आणि मराठीतल्या 'होतंय की'चं भाषांतर एकच, किंमतही एकच. दोन्ही भाषांमधे वाद असेल तेवढा असो, या दोन शब्दांवर सीमाभागाचं पूर्ण एकमत आहे. चोर्ला घाटाचा रस्ता दर पावसाळ्यात असाच 'होतंय की'वर चालतो. त्या रस्त्यावरून गोव्याला जाऊन आलेल्या गाड्यांचे बॅटरी धरणारे क्लॅम्प तपासा, निम्मे ढिले निघतील. पण डोंगराएवढी लाईट-बार विकणारा दुकानदार बॅटरी कशावर बसलीय हे कधी विचारत नाही, आणि तयार मिळणारे ट्रे इतक्या पातळ पत्र्याचे असतात की चहाचे ग्लास न्यायला बरे.

पाय बदलून घेतले. ३ मिलीमीटरचा पत्रा, कडेनं २५ बाय २५ चा अँगल, कोपऱ्यांत पाणी जायला भोकं. फेंडरला भोक पाडण्याआधी पलीकडं ब्रेकचा पाईप किंवा वायरिंगचा जुडगा नाही ना, हे हात घालून बघायचं. पाडल्यावर काठाला रेड ऑक्साईडचा गंजरोधक रंग, नाहीतर जांबोटीचा पाऊस दोन वर्षांत भोकाची खिडकी करतो. एम-८ चे, म्हणजे ८ मिलीमीटर जाडीचे चार बोल्ट, प्रत्येकामागं ५० बाय ५० ची जाड पट्टी. नुसत्या वॉशरवर पत्रा कागदासारखा फाटतो. वेल्डिंगआधी दोन्ही बॅटऱ्या बाहेर. एक तर त्यांतून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, आणि गाडीच्या ईसीयूलाही, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकालाही, वेल्डिंगचा करंट मानवत नाही.

बॅटरीखाली ३ मिलीमीटरचं घट्ट रबर घातलं, स्पंज नाही. स्पंज चेपतो आणि क्लॅम्प आपोआप ढिला पडतो. वरून आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना हूक बोल्ट. आवळायचं तेही बेतानं. डब्याच्या कडा आत वाकायला लागल्या की पाना थांबवायचा.

"एवढं कशाला?" काका आता चहा पीत होते. "आमच्या ट्रॅक्टरला सायकलच्या ट्यूबनं बांधलीय. आठ वर्षं झाली."

इथं माझा तोल गेला. मी त्यांना सांगितलं की रबर ताणतं, बॅटरी उडते, खाली आदळते. प्रत्येक आदळण्याबरोबर आतल्या प्लेटांवरचा लेप सुटतो, तळाशी साचतो, एक दिवस दोन प्लेटा जोडल्या जातात आणि तो सेल मरतो. माणसं म्हणतात, कंपनीनं फसवलं. शिवाय इंजिनाच्या उष्णतेनं ट्यूब वाळते ती वेगळीच.

"ट्रॅक्टरची बॅटरी चार बदलल्या," काका शांतपणे म्हणाले. "ट्यूब तीच हाय."

याला उत्तर नाही.

कसोटी अशी असते: बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायची. गाडी स्प्रिंगांवर डुलली पाहिजे आणि बॅटरी ट्रेवर तसूभरही सरकता कामा नये. गाडी डुलली. प्रत्येक नटावर आणि बोल्टावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. काका यावरही काहीतरी म्हणाले, ते लिहीत नाही. नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळं सहसा सैल न होणारे, तीनच निघाले. चौथा साधा, स्प्रिंग वॉशरवर. "होतंय की," मीच म्हणालो.

तेवढ्यात दार तयार झालं. न्यायचं कशानं? काकांनी माझ्या कॅरियरकडं पाहिलं. पाच मिनिटांत दार वर आणि त्यांच्या पिशवीतून निघालेल्या ट्यूबनं दोन आडव्या दांड्यांना बांधलेलं. मी दोरी देतो म्हणालो, ते "ऱ्हाऊ दे" म्हणाले. कडोलीपर्यंत सगळे खड्डे मी मुद्दाम मोजून घेतले, एकही चुकवला नाही. दार हललं नाही.

गोठ्यापाशी बॉनेट उघडून बघितलं. बॅटरी जागेवर होती. तीन रेघा अखंड. साध्या नटाची रेघ तुटून पाव फेरा सरकली होती. पट्टीखालचा ताजा रंग दबला आणि ताण गेला, बाकी काही नाही. म्हणून तर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं असतं. हे सगळं मी काकांना सांगायला वळलो.

ते कॅरियरवरची ट्यूब सोडून गुंडाळत होते. माझ्या हातातला १३ चा पाना बघितला, नट बघितला आणि ट्यूब माझ्यापुढं केली.

"असू दे पावणं. घरात आणि हाय."