आधी बॅटरी बदला म्हणे!

थंडीत सकाळी पिकअप सुरू होताना खोकते, थरथरते, पांढरा धूर ओकते. मेकॅनिकचं निदान? "बॅटरी बदला." बदलली. "डिझेल फिल्टर बदला." बदलला. "इंजेक्टर गेले असतील." असतील? अहो, तपासा ना! ग्लो प्लगला, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतून तापवणाऱ्या कांडीला, मल्टीमीटर लावायला असा किती वेळ लागतो? चांगल्या प्लगचा रोध साधारण 1 ओहमच्या आसपास. एखाद्यातून करंटच जात नसेल तर तो मेलाय, विषय संपला. पण मीटरला हात लावला की बहुतेक पाप लागतं!

आणि गाडी तपासणार कधी? भर दुपारी, इंजिन तापलेलं असताना. "बघा, एका सेल्फमध्ये सुरू झाली!" होणारच! आजार थंड इंजिनाचा आहे, महाराज. रात्रभर ठेवून घ्या, पहाटे सेल्फ मारा, त्याच क्षणी बॅटरीचं व्होल्टेज 10 च्या खाली घसरतंय का बघा. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर गारठलेल्या इंजिनाला 80 अंश म्हणत असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बिचारं ग्लो प्लग तापवेल कशाला? ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनर लावला की हे लगेच दिसतं. पण स्कॅनर कपाटात, बिल मात्र तयार. वर फुकटचा सल्ला: "सकाळी जरा जास्त रेस द्या!"