इंग्रजी, पाऊण वेगानं

सांगलीत घरी बसून इंग्रजी शिकायचं तर पहिला अडथळा इंग्रजीचा नसतो, आजीचा असतो. आपण इंग्रजी सिनेमातला तुकडा लावला की ती चष्मा पुसत शेजारी येऊन बसते आणि विचारते, "रुसलीया का ती?" भाषेचं अक्षर न कळता तिला रुसवा कळलेला असतो, आणि आपण मात्र खालची सबटायटल वाचण्यात गुंग. माझा आग्रह असा की पहिल्या वेळी आजीच्या पद्धतीनं बघा. सबटायटल बंद, कोण कुणावर का चिडलंय एवढंच ओळखा. दुसऱ्या वेळी इंग्रजी सबटायटल लावा. हिंदी लावलीत तर कान तिथंच रजेवर जातो.

तुकडा तीस-चाळीस सेकंदांचा पुरे. दोनच माणसं, एका जागी बसून बोलणारी. पाठलाग, गोळीबार नको. लोक उत्साहात अख्खा सिनेमा बघतात आणि शेवटी त्यांना फक्त 'ओ माय गॉड' येतं, जे आधीही येत होतं. यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवा, ०.५ वर बोलणारा शुद्धीत वाटत नाही. मोबाईलच्या पडद्यावर डावीकडं दोनदा टिचकी मारली की दहा सेकंद मागं जाता येतं. एकेक वाक्य ऐकून वहीत लिहायचं, सबटायटलशी ताडायचं, मग बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच चढउतारात मोठ्यानं म्हणायचं. आपोआप उमटणाऱ्या सबटायटलवर फार विसंबू नका, ती यंत्रानं ऐकलेली असतात. माणसानं केलेली असली तरी दोन ओळींत बसवायला वाक्य बऱ्याचदा छाटलेलं असतं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तेव्हा खणखणीत संवाद ऐकायची हौस इथं जुनीच. अशा कानाला जुने कृष्णधवल इंग्रजी सिनेमे बरे पडतात. त्यातले बरेच नट नाटकातून आलेले, शेवटच्या रांगेला शब्द पोचवणारे. फक्त तसं इंग्रजी आज बँकेत बोलू नका. कॅशियर उठून उभा राहील.

गाण्यांनी जीभ सैल होते, शब्द एकमेकांना कसे चिकटतात तेही कळतं. पण चालीसाठी स्वर ताणलेले असतात, आघात भलतीकडं पडतो, आणि 'शी डोन्ट' तर राजरोस चालतं. ते पेपरात लिहिलंत तर गायकाला कुणी विचारत नाही, गुण तुमचे जातात. गाताना समोर आरसा असावा. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो. आपला 'व' दोन्हींच्या अधेमधे कुठंतरी. आरशापुढं 'व्हेरी वेल, व्हेरी वेल' सुरू झालं की घरातले दार लोटून घेतात.

माझ्या मते सगळ्यात चांगले म्हणजे स्वयंपाकाचे व्हिडिओ. शब्द आणि हात एकदमच चालतात, डिक्शनरी लागत नाही. अमेरिकी बाई ओव्हन ३५० अंशांवर ठेवायला सांगते, तेव्हा आई "घर पेटवायचंय का?" म्हणते. ते फॅरनहाइट, आपले सुमारे १७७ सेल्सिअस.

इंग्रज शब्द गिळतात, ही तक्रार सांगलीकरानं करूच नये. 'कुठे चालला आहेस'चं आपण 'कुठं चाललायस' करतो, त्यांनी 'टेल हिम'चं 'टेलिम' केलं तर काय बिघडलं? खरी घातकी जोडी 'कॅन' आणि 'कान्ट'ची. वाक्यात 'कॅन' नुसतं ओझरतं 'क्न' होतं. अमेरिकी 'कॅन्ट'मधला 'ट' बहुधा ऐकूच येत नाही, पण त्यातला 'कॅ' ठसठशीत असतो. म्हणजे 'कॅन' स्वच्छ ऐकू आलं तर तो बहुतेक नकार. जेवायचं आमंत्रण आल्यावर आपण शाळेत शिकवल्याप्रमाणे छाती काढून 'आय कॅन कम' म्हणतो, आणि तिकडं यजमान एक ताट कमी करतो.