नऊ पॉइंट शहाऐंशी

बंड्या आमच्यासमोरून तिसऱ्यांदा गेला तेव्हा अण्णांनी पाय लांब करून त्याची वाट अडवली.

"काय चाललंय काय?"

"एकशे चाळीस मीटर राहिलेत अण्णा. नऊ पॉइंट शहाऐंशी झालंय."

म्हणजे दहा किलोमीटर पुरे व्हावेत म्हणून हा गडी दिव्याच्या खांबापासून कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. वर उजवी टाच धड टेकत नव्हती. चवड्यावर लंगडत, पण पेस न सोडता.

"बस इथं," डॉक्टर म्हणाले. बंड्या बसला. घड्याळ मात्र त्याने नुसतं थांबवलं, बंद केलं नाही. हा फरक आम्हा सगळ्यांना बरोबर कळतो.

आम्ही कट्ट्यावरचे पाचही जण हौशी. पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही एका दमात करायची, म्हणजे ट्रायथलॉनची हौस. अण्णा सदुसष्ट वर्षांचे, तीस वर्षं यात आहेत. डॉक्टर पन्नाशीचे, मी त्यांच्याच मागे. सुमी पंचेचाळीसची आणि पाण्यात आम्हा सगळ्यांना मागे टाकणारी. एज ग्रुपमध्ये एकदा तिसरी आली होती आणि ते आम्हाला विसरू देत नाही. बंड्या अडतीस. सहा आठवड्यांवर त्याची पहिली फुल, म्हणजे पूर्ण लांबीची शर्यत: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, मग 42.2 पळणं, आणि हे सगळं 17 तासांच्या आत.

डॉक्टरांनी त्याचा बूट काढला. टाचेच्या दोन बोटं वर, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या, दोरीसारख्या लागणाऱ्या अकिलीस टेंडनला अंगठ्याने आणि बोटाने चिमटीत धरलं. बंड्याने दातांतून हवा आत ओढली.

"सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं?"

"दुखतात. मग मोकळं होतं."

"मोकळं होत नाही, गप्प बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतं ना परत?"

बंड्या काहीच बोलला नाही.

"दम आधी येतो बंड्या. हृदय, स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. टेंडनला महिने लागतात, तो मागून चालत येतो. तू पुढे पळून गेलास आणि तो अजून रस्त्यात आहे."

"पण डॉक्टर, प्लॅनमध्ये या आठवड्याला अठरा तास आहेत."

"प्लॅनला टाच नसते," अण्णा म्हणाले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण अण्णांना राहवलं नाही. ते जरा सरसावून बसले, आणि ते असे बसले की इतिहास येतो हे आम्हाला माहीत आहे.

"1978 साली, 18 फेब्रुवारीला, हवाईच्या ओआहू बेटावर ही लांब शर्यत पहिल्यांदा झाली. पंधरा जण उतरले, बारा पोचले. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या माणसाने ती काढली. नियमांच्या कागदावर त्यानं काय लिहिलं होतं? एवढं पोहा, एवढी सायकल मारा, एवढं पळा, आणि मग जन्मभर बढाई मारा! आता जन्मभर बढाई मारायची तर आधी जन्मभर टिकायला नको? म्हणून मी सांगतो, संतुलन. वर्षाला एक मोठी शर्यत, बाकी मजेत. मी आता फक्त स्प्रिंट करतो. 750 मीटर पोहायचं, 20 किलोमीटर सायकल, 5 पळायचं. संध्याकाळी घरच्यांशी बोलायला अंगात त्राण असतं."

सुमी इतका वेळ गप्प होती. ती गप्प असली की मी जरा सावरून बसतो.

"अण्णा, तुम्ही एकूण किती फुल केल्यात?"

"अकरा."

"अकरा झाल्यावर संतुलन सुचलं. हे म्हणजे पोटभर जेवून उठल्यावर उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं झालं. त्याला एक तरी करू द्या! आणि संतुलनाचं म्हणाल तर तो शब्द मी पहिल्या दिवसापासून ऐकतेय. पहाटे सायकल काढली की लोक विचारायचे, घरचं कसं जमवतेस? तुम्हाला तीस वर्षांत कुणी विचारलं?"

अण्णांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," म्हणाले.

"मग! माझी दोन वर्षं निव्वळ वेडेपणात गेली. झोपेतसुद्धा स्ट्रोक मोजायचे. ती दोन वर्षं नसती तर मी पाण्यात आज आहे ती नसते. आधी वेड लागावं लागतं. शहाणपणाने कुणी पहाटे साडेचारला गार पाण्यात उतरत नाही."

हे खरं होतं, त्यामुळे काही वेळ कुणीच बोललं नाही. अण्णांनी मग आपला हुकमी पत्ता काढला: हिरोमू इनाडा. जपानी गृहस्थ. साठीत पोहायला शिकले, पहिली ट्रायथलॉन सत्तरीत, आणि 2018 मध्ये वयाच्या 85 व्या वर्षी हवाईतल्या कोनाची, याच लांब शर्यतीची जागतिक स्पर्धा पुरी केली, 16 तास 53 मिनिटांत. जोडीला अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना बुडर, जोगीण. पळायला लागल्या 48 व्या वर्षी, आणि 2012 मध्ये कॅनडातली फुल 82 व्या वर्षी केली. त्या म्हाताऱ्या होत गेल्या तसतसे आयोजकांना बायकांसाठी वरचे वयोगट नव्याने उघडावे लागले.

"बघा, याला म्हणतात लांब पल्ला!" अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले.

"याला संतुलन म्हणतात?" सुमी. "पंच्याऐंशीव्या वर्षी 17 तासांच्या कट-ऑफच्या सहा मिनिटं आधी पोचणारा माणूस? अण्णा, तुम्ही माझ्याच बाजूचा साक्षीदार आणलात."

बंड्या हसला. टाच दुखणारा माणूस इतका मनापासून हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

डॉक्टरांनी मध्ये पडून जे सांगितलं ते मला त्या संध्याकाळी सगळ्यात उपयोगाचं वाटलं. रॉबर्ट व्हॅलरँड नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एक बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेणारा. दुसरा मानगुटीवर बसणारा. तास दोन्हीकडे सारखेच लागू शकतात. फरक एवढाच, की पहिल्यात गोष्ट तुम्ही करता, दुसऱ्यात ती तुमच्याकडून करून घेते. "तेव्हा इनाडा किती तास घालतात हा प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी पाऊस आला, पाहुणे आले, घरात कुणाला ताप आला आणि व्यायाम चुकला, तर तुम्ही दिवसभर कसे वागता? ते घरच्यांना विचारा, स्वतःला नको."

मला विचारायची गरज नव्हती. माझ्या बायकोने नऊ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय: "घरात तू दिसत नाहीस, तुझे ओले टॉवेल दिसतात."

ते वर्ष सांगतोच, कारण त्याशिवाय माझा मुद्दा कळायचा नाही. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. पळणं बंद. नुसता पळणारा माणूस अशा वेळी नाइलाजाने घरी बसतो, पुस्तक वाचतो, चिडतो, आणि बरा होतो. मी ट्रायथलीट! पळणं बंद झालं त्याच दिवशी मी पोहण्याचे तास दुप्पट केले. पायांत फ्लोट धरून नुसत्या हातांनी मैलोन्मैल. दीड महिन्यात खांदा गेला. मग घरात टर्बो ट्रेनरवर, म्हणजे स्टँडला अडकवून जागच्या जागी, सायकल. खांद्यावर भार नको म्हणून सरळ बसून, हँडल न धरता, समोर भिंत, खाली घामाचं तळं. एका रात्री मुलगा पाणी प्यायला उठला, दारात उभा राहिला, मला बघितलं आणि काही न बोलता परत झोपायला गेला. ते "काही न बोलता" माझ्या डोक्यात अजून आहे. बोलण्यासारखं काही वेगळं त्याला दिसलंच नसणार.

आपल्या खेळाची गंमत अशी, की त्यात सगळे सांगतात तीन खेळ असल्यामुळे एकाच जागी झीज होत नाही, कंटाळा येत नाही. सगळं खरं. पण एक बंद पडला की दुसरा राखीव खेळाडू लगेच मैदानात. त्यामुळे थांबायची वेळ कधी येतच नाही. तीन खेळ म्हणजे न थांबण्याच्या तीन सबबी. शरीराने दिलेली सुट्टी आपण दुसऱ्या खात्यावर वळती करून टाकतो. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा बंड्या म्हणाला, "म्हणजे उद्यापासून पोहणं वाढवू नको?" यावर काय बोलणार!

"तो वाढवणारच होता," सुमी म्हणाली. "मी ओळखलं होतं."

मग चर्चा डॉक्टरांकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. बंड्याचे सोपे दिवस सोपे नसतात, ही त्यांची जुनी तक्रार. बराचसा व्यायाम गप्पा मारता येतील इतक्या हळू आणि थोडाच पण खरोखर जोरात, असं दमाच्या खेळांतले बहुतेक अव्वल लोक करतात. आपण हौशी नेमकं उलट करतो. सोप्या दिवशी पुढची सायकल दिसली की गाठायची, आणि जोरात करायच्या दिवशी पायात काही उरत नाही. सगळं मधल्या कुठल्यातरी राखाडी वेगात. दमणूक पूर्ण आणि पदरात निम्मंच. सकाळची विश्रांतीची नाडी चढी राहायला लागली, झोप तुटायला लागली, क्षुल्लक गोष्टीवरून माणूस दुसऱ्यांच्या अंगावर जायला लागला, की ते "अजून मेहनत हवी" असं नसतं. त्यात खाणं कमी पडत असेल तर आणखी वाईट. पुरुषांचीसुद्धा हाडं आणि हार्मोन्स त्यात बिघडतात, ही बायकांचीच भानगड नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये यावर निवेदन काढलं, त्यात पुरुषांचाही समावेश होता.

"अण्णा," सुमीने अचानक विचारलं, "तुमच्या नाडीचं सांगितलंत का बंड्याला?"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं गुपित कुणी चारचौघांत फोडलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. लांब राइडनंतर अण्णांची नाडी ताल सोडून चालायची. तबलजी समेवर येतच नाही तसं, असं ते स्वतःच म्हणतात. त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. का? पुढे शर्यत होती. तीच "मजेची" स्प्रिंट. शेवटी डॉक्टरांनी शेकहँडच्या निमित्ताने मनगट धरलं आणि सोडलंच नाही. वर्षानुवर्षं दमाचे खेळ करणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. व्यायाम वाईट असा याचा अर्थ नाही, डॉक्टर हे दोनदा म्हणाले. पण तक्रार लपवून पाण्यात उतरणं वाईट. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींमधल्या मृत्यूंचा तीस वर्षांचा अभ्यास 2017 मध्ये आला. मृत्यू तसे विरळ, पण त्यातले बहुसंख्य पोहताना झालेले, आणि चाळिशीपुढच्या पुरुषांत धोका वाढत गेलेला.

"म्हणजे मी जे बोलतो ते मलाच जमत नाही," अण्णा म्हणाले. "मान्य. पण म्हणून ते चूक ठरत नाही."

"चूक कोण म्हणतंय? सोपं आहे असं सांगू नका, एवढंच," सुमी म्हणाली. मग जरा थांबून, "आई आजारी होती ते वर्ष आठवतं ना? आठवड्यातून दोनदा पाऊण तास पोहायचे, बस. सायकलच्या टायरमधली हवासुद्धा गेली होती. शर्यत एकही नाही. तेव्हा मी ट्रायथलीट नव्हते का? मला स्वतःला तरी ते वर्ष यातलंच वाटतं. दिवसाच्या मापात सगळं बसवायला गेलं की काहीतरी सांडतंच. मी आता वर्षांत मोजते. काही वर्षं वेडाची, काही आईची."

अण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या मते दर आठवड्याचा हिशेब त्या आठवड्यातच चुकता झाला पाहिजे, वर्षांवर ढकललं की माणूस पुढचीच तारीख देत राहतो. त्यांना कर्जदार आठवले असणार, आयुष्य वसुलीत गेलंय. सुमी म्हणाली, आजारपण आठवडा बघून येत नाही. यावर दोघांचं जुंपलं आणि मिटलं नाही. मला विचाराल तर मी सुमीच्या बाजूचा, पण माझी बायको अण्णांच्या बाजूची असेल.

बंड्या बूट घालत होता. डॉक्टरांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पळणं सध्या बंद, पण टाच नुसती जपून ठेवून बरी होत नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वरखाली करायच्या, सोसेल तसा भार वाढवायचा, आणि याला आठवडे नाही, महिने लागतील.

"महिने? आणि शर्यत?"

"शर्यत पुढच्या वर्षी पण असते."

"प्रवेश फी गेली माझी."

"टाच गेली तर?"

बंड्याने अण्णांकडे पाहिलं, मग सुमीकडे. कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. मगाशी "त्याला एक तरी करू द्या" म्हणणारी सुमी आता बुटाच्या लेसकडे बघत होती. "करशील रे," एवढंच म्हणाली. कधी, ते नाही म्हणाली.

तो उठला. त्याचं घर कट्ट्यापासून फार तर दीडशे मीटर. दहा पावलं लंगडत गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अरे बंड्या, घड्याळ बंद केलंस का?"

त्याने मागे न बघता नुसता हात वर केला. हो की नाही, यावर आम्ही आणखी दहा मिनिटं बसलो.